‘नुसतं टेस्टिंग’ या मताचे खंडन

सप्टेंबर २०२२मध्ये वेदान्त-फॉक्सकॉनचा प्रकल्प तळेगावला न येता गुजरातेत गेला आणि ‘सेमीकंडक्टर’ हा शब्द आपल्याकडे चावडीवरच्या राजकारणात आला. पुढे जुलै २०२३मध्ये फॉक्सकॉननेच त्या भागीदारीतून अंग काढून घेतले. पण तोवर एक मोजमाप लोकांच्या मनात पक्के बसले होते: सिलिकॉनच्या वेफरवर जिथे सर्किट उमटते तो फॅब, तोच चिपचा खरा कारखाना, बाकीची सगळी हमाली. त्यामुळे साणंदला मायक्रॉनचा प्रकल्प जाहीर झाला, आसामात जागीरोडला टाटांचा मंजूर झाला, तेव्हा प्रतिक्रिया ठरलेलीच होती. “तिथं चिप बनत नाही हो. नुसतं पॅकेजिंग आणि टेस्टिंग.” अभियांत्रिकी महाविद्यालयांतली उतरंडही हीच. डिझाइनला लागला तो हुशार, फॅबमध्ये लागला तो नशीबवान, आणि टेस्टला लागलेल्याची समजूत काढायची की सुरुवात म्हणून काही वाईट नाही.

हे मत अडाण्यांचे असते तर त्याच्यासाठी शाई खर्च करण्याचे कारण नव्हते. पण अर्थतज्ज्ञ, पत्रकार आणि खुद्द चिप-उद्योगातले काही लोकही ते मांडतात. म्हणून आधी त्यांची बाजू त्यांना मान्य होईल अशी मांडू, मग उत्तराकडे वळू.

पूर्वपक्ष

या पक्षाचे म्हणणे तीन कलमांत येते. पहिले, परीक्षणाने मालाच्या मोलात भर पडत नाही. चांगली चिप टेस्टरवर चढण्यापूर्वीही चांगलीच असते आणि वाईट चिप टेस्टरवरून उतरल्यावर सुधारत नाही; पाखडल्याने धान्य वाढत नाही, फक्त खडे वेगळे होतात. दुसरे, हे काम यंत्राचे आहे. कोट्यवधींचा टेस्टर, त्याला चिपा भरवणारा हँडलर आणि पडद्यावर ‘पास’ किंवा ‘फेल’. अभियंत्याला तिथे डोके चालवायला वाव किती? तिसरे, जो देश या कामापासून सुरुवात करतो तो तिथेच अडकतो. मलेशियाने पन्नास वर्षे जुळणी आणि परीक्षण केले; तैवानच्या तोडीचा फॅब काही तिथे उभा राहिला नाही. मग साणंदच्या २.७५ अब्ज डॉलरच्या प्रकल्पात ५० टक्के केंद्राने आणि २० टक्के गुजरात सरकारने का घालावेत?

तिसऱ्या कलमातला खर्चाचा प्रश्न रास्त आहे, आणि त्याकडे शेवटी येऊ. पहिली दोन कलमे मात्र वस्तुस्थितीवर टिकत नाहीत.

परीक्षण दुरुस्त करते

डीरॅम मेमरीची चिप घ्या. तिच्यात अब्जावधी पेशी असतात आणि त्या झाडून साऱ्या धड निघतील अशी अपेक्षा कोणताही कारखाना ठेवत नाही. म्हणून आराखड्यातच काही ओळी आणि स्तंभ जादा राखलेले असतात. वेफर अजून कापलेला नसतानाच प्रोब कार्डाच्या बारीक सुया प्रत्येक चिपवर टेकतात. टेस्टर पेशी लिहून-वाचून पाहतो, कुठली ओळ मेलेली आहे ते टिपतो आणि तिच्या जागी राखीवातली कोणती जोडायची याचा हिशेब मांडतो. त्या हिशेबाप्रमाणे फ्यूज उडवले जातात. या क्षणापूर्वी ती चिप भंगार होती, नंतर ती विकण्याजोगी झाली. याला नुसती निवड म्हणता येत नाही.

अॅनलॉग चिपांची गोष्ट याहून स्पष्ट आहे. संदर्भाचा व्होल्टेज देणारे सर्किट प्रत्येक चिपमध्ये किंचित वेगळे निघते, कारण ट्रान्झिस्टर आणि रेझिस्टर हुबेहूब सारखे कधीच उतरत नाहीत. ग्राहकाला मात्र काटेकोर आकडा हवा असतो. तेव्हा परीक्षणाच्या वेळी एकेका चिपचा व्होल्टेज मोजतात आणि तिच्यापुरती दुरुस्ती तिच्याच स्मृतीत कायमची लिहितात. माहितीपत्रकात छापलेली अचूकता अशी टेस्टरवर घडते. प्रोसेसरच्या बाबतीतही तेच. सोनीच्या प्लेस्टेशन ३मधल्या सेल प्रोसेसरवर आठ सहायक गाभे (कोअर) होते. धड निघणाऱ्या चिपांचे प्रमाण सांभाळण्यासाठी त्यांपैकी सातच वापरायचे असे ठरले. आठातला कोणता बाद करायचा, हे प्रत्येक चिपपुरते परीक्षणच सांगू शकते. एकाच वेफरवरच्या चिपा वेगवेगळ्या वेगाच्या म्हणून वेगवेगळ्या किमतींना विकल्या जातात, ती प्रतवारीही इथलीच.

पूर्वपक्षाची खरी चूक याच्याही मुळाशी आहे. ‘चांगली चिप आधीपासूनच चांगली असते’ हे विधान ऐकायला निर्विवाद वाटते. पण ती चांगली आहे हे कशावरून ठरते? आपल्या दर्शनांत या प्रश्नावर जुना वाद आहे. मीमांसक म्हणतात, ज्ञान स्वतःच प्रमाण असते. बाधा येईपर्यंत ते खरेच धरायचे. नैयायिकांचे मत उलटे: ज्ञानाचे प्रामाण्य बाहेरून, त्यावर केलेली कृती सफळ होते की नाही यावरून ठरते. समोर पाणी दिसते. ते पाणीच आहे हे तहान भागल्यावर सिद्ध होते. फॅबमधून येणाऱ्या वेफरबद्दल मीमांसकी भूमिका परवडत नाही. शेकडो प्रक्रियांतून गेलेल्या त्या तबकडीवर धुळीचा कण कुठे बसला, तांब्याची तार कुठे बारीक झाली, हे बाहेरून दिसत नाही. फॅब देतो ती संभाव्यता. अमुक चिप चालते, हे विधान करण्याचा अधिकार परीक्षणानंतरच मिळतो, आणि गिऱ्हाईक पैसे मोजते ते या विधानासाठीही.

या विधानाची किंमत किती, याचे एक सुंदर सूत्र आयबीएमच्या विल्यम्स आणि ब्राउन यांनी १९८१ साली दिले. यील्ड म्हणजे एकूण चिपांपैकी धड निघणाऱ्यांचा अंश. कव्हरेज म्हणजे संभाव्य दोषांपैकी तुमची चाचणी पकडू शकते तो अंश. १ मधून कव्हरेज वजा करा, यील्डचा तितका घात काढा आणि तो १ मधून वजा करा. ‘पास’ होऊन गिऱ्हाइकाकडे गेलेल्या चिपांत सदोष किती, ते मिळते. यील्ड ५० टक्के आणि कव्हरेज ९५ टक्के असेल, तर दहा लाखांत सुमारे ३४,००० सदोष चिपा निसटतात. कव्हरेज ९९ टक्के केले तर सुमारे ६,९००. ९९.९ टक्क्यांवरही सुमारे ६९०. आजच्या मोटारीत हजाराहून अधिक चिपा असतात. सगळ्या याच दर्जाच्या धरल्या आणि हजारच मोजल्या, तर निम्म्या गाड्यांत किमान एक चिप सदोष निघेल. ९९.९ टक्के हा आकडा शाळेत पेढे वाटायला पुरेसा आहे. गाडीच्या ब्रेकला तो पुरत नाही. वाहनउद्योग दोषांचे लक्ष्य शून्य ठेवतो आणि चिपा उणे ४० अंशांपासून सव्वाशे अंश सेल्सियसपर्यंत चालल्या पाहिजेत असा आग्रह धरतो. इतकेच काय, जी चिप सर्व मर्यादांत बसते पण आपल्याच वेफरवरच्या भावंडांपेक्षा वेगळी वागते, तीही तो बाद करायला लावतो. तिच्यात आज दोष दिसत नाही, पण उद्याची खात्री नाही.

डोक्याचे काम कुठे आहे?

आता दुसरे कलम. दोन ६४ बिटी संख्यांची बेरीज करणारे सर्किट पूर्ण तपासायचे, म्हणजे शक्य त्या सगळ्या जोड्या देऊन पाहायच्या, तर जोड्या होतात २चा १२८वा घात. सेकंदाला अब्ज जोड्या तपासल्या तरी लागणारा काळ विश्वाच्या आजवरच्या वयाच्या कित्येक अब्जपट भरतो. आणि टेस्टरवर एका चिपला मिळतात मोजके सेकंद. तेव्हा प्रश्न असा उभा राहतो: मूठभर प्रश्न असे निवडायचे की त्यांच्या उत्तरांवरून कोट्यवधी ट्रान्झिस्टरांची साक्ष मिळावी. हा प्रश्न यंत्र सोडवत नाही; यंत्राला तो सोडवून द्यावा लागतो.

एल्ड्रेड यांनी १९५९मध्ये रस्ता दाखवला. दोष असंख्य प्रकारचे असले, तरी एखादी तार कायम ० वर किंवा कायम १ वर अडकली आहे असे समजायचे आणि तेवढे पकडणाऱ्या चाचण्या शोधायच्या. आयबीएमच्या रॉथ यांनी १९६६मध्ये त्यासाठी रीतसर गणिती पद्धत दिली. इबारा आणि सरताज साहनी यांनी १९७५मध्ये दाखवले की सर्वसाधारण रूपात हा प्रश्न संगणकशास्त्रातल्या सर्वांत अवघड समजल्या जाणाऱ्या प्रश्नांच्या वर्गातला आहे. १९८१मध्ये प्रभू गोयल यांनी पोडेम ही पद्धत मांडली आणि मोठ्या सर्किटांसाठीही चाचण्या आपोआप तयार होऊ लागल्या. साहनी आणि गोयल हे दोघेही आयआयटी कानपूरचे विद्यार्थी. गोयल यांनी पुढे गेटवे डिझाइन ऑटोमेशन ही कंपनी काढली आणि फिल मूरबी यांनी व्हेरिलॉग ही भाषा तिथेच घडवली. आज डिझाइनची नोकरी मिळाली म्हणून टेस्टवाल्याकडे तुच्छतेने पाहणारा मुलगा ज्या भाषेत सर्किट लिहितो, ती भाषा परीक्षणाच्या प्रश्नाशी झगडलेल्या माणसाच्या कंपनीत जन्मली.

परीक्षणाने डिझाइनला वळणही लावले. चिपच्या पोटातले फ्लिप-फ्लॉप बाहेरून दिसत नाहीत. म्हणून चाचणीच्या वेळी ते सारे एका साखळीत जोडून आतली स्थिती बिट-बिट बाहेर काढायची, ही स्कॅनची कल्पना. आयबीएमच्या आयशेलबर्गर आणि विल्यम्स यांनी १९७७मध्ये तिचा नियमबद्ध आराखडा मांडला. आज मोठी डिजिटल चिप या साखळीशिवाय कोणी काढत नाही. डिझाइन आधी आणि परीक्षण नंतर, हा क्रम कागदावरचा आहे. चिप कशी असावी हे ठरवताना ती तपासणार कशी, हे आधीच ठरलेले असते.

यावर पूर्वपक्षी म्हणेल, एवढी विद्या होती तर पेन्टियमचे काय झाले? १९९४मध्ये थॉमस नाइसली या गणिताच्या प्राध्यापकाला इंटेलच्या पेन्टियमच्या भागाकारात चूक सापडली आणि इंटेलला ४७.५ कोटी डॉलरचा फटका बसला. पण ती चूक आराखड्यातली होती. भागाकाराच्या कोष्टकातल्या पाच नोंदी राहून गेल्या होत्या. त्या आराखड्याची प्रत्येक चिप आराखड्याबरहुकूम बनली होती, म्हणून कारखान्यातले परीक्षण तिला पास करणारच. आराखडा हेतूशी जुळतो का, हे पाहणे पडताळणी. ही एक चिप आराखड्याशी जुळते का, हे पाहणे परीक्षण. या दोन गोष्टींची गल्लत करून एकीचे अपयश दुसरीच्या खात्यावर मांडता येत नाही.

परीक्षणाचे स्वतःचे अपयश पाहायचे तर ताजे उदाहरण आहे. २०२१मध्ये फेसबुकच्या अभियंत्यांनी एक प्रकरण प्रसिद्ध केले. १.१चा ५३वा घात काढून त्याचा पूर्णांक घेतला तर १५६ यायला हवा. एका प्रोसेसरचा एक विशिष्ट गाभा ० देत होता. इतर बरीच गणिते तोच गाभा बरोबर करत होता. त्या शून्यामुळे फायलींचा आकार शून्य धरला जात होता आणि माहिती मुकाट गळत होती. त्याच वर्षी गूगलच्या अभियंत्यांनीही लिहिले की काही हजार यंत्रांमागे असे थोडेसे लहरी गाभे सापडतात. या चिपा कारखान्यातून ‘पास’ होऊन आल्या होत्या. एल्ड्रेड यांचे जुने प्रारूप वास्तवाचा एक भाग पकडते, सारे वास्तव नाही, हा त्याचा अर्थ. पण यातून परीक्षण क्षुल्लक ठरते, की अजून न सुटलेले शास्त्र ठरते? जे काम खरोखर यांत्रिक असते त्यात असे प्रश्न शिल्लक राहत नाहीत.

रोजच्या कामातही निर्णय सोपे नसतात. चिप नापास झाली, तर दोष चिपचा, की सुईच्या टोकावर साचलेल्या घाणीचा, की सॉकेटचा, की टेस्टरच्याच मोजणीचा? मोजणीतच थोडी चूक असते म्हणून मर्यादा कडक कराव्यात, तर धड चिपा मरतात; सैल ठेवाव्यात, तर वाईट चिपा निसटतात. वेळेचाही हिशेब आहे. एका चिपमागे एक सेकंद वाचला, तर एक कोटी चिपांमागे एका टेस्टरचे सुमारे ११६ दिवस वाचतात. मग कोणती चाचणी गाळायची? एखाद्या चाचणीत अनेक महिने एकही चिप नापास झाली नाही, याचा अर्थ ती चाचणी निरुपयोगी, की उद्याच्या बिघडलेल्या लॉटसाठी तीच एक राखण? असे प्रश्न सोडवणारा माणूस भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र, सॉफ्टवेअर आणि पैसा या चारही गोष्टी एकाच वेळी तोलत असतो.

एक गोष्ट मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. ‘टेस्ट इंजिनिअर’ या पदनामाखाली पुष्कळ जण पाळीवर लॉट लावतात, स्टार्टचे बटण दाबतात आणि यील्ड घसरला की मेल पाठवतात. ते काम नीरस आहे, हे खरे. पूर्वपक्षाने पाहिले ते हेच काम, आणि त्यावरून साऱ्या विद्येची किंमत केली. औषधाच्या दुकानातला नोकर पाहून औषधशास्त्राला नावे ठेवता येत नाहीत, तसेच हे.

पेनांग काय शिकवते?

इंटेलने १९७२ साली अमेरिकेबाहेरचा आपला पहिला जुळणी-कारखाना मलेशियात पेनांगला काढला. आज जगातल्या चिप-जुळणी आणि परीक्षणाचा सुमारे १३ टक्के वाटा मलेशियाकडे आहे असे सांगतात. पूर्वपक्ष म्हणतो, पन्नास वर्षे झाली, पुढे काय? पुढे बरेच झाले, पण ते पाहायला नजर वेफरवरून हलवावी लागते. पेनांगमध्ये विट्रॉक्स, पेन्टामास्टर यांसारख्या देशी कंपन्या उभ्या राहिल्या, ज्या तपासणीची आणि परीक्षणाची यंत्रेच बनवून जगाला विकतात. आणि वेफरचे काम आलेच नाही म्हणणेही बरोबर नाही. पेनांगजवळच कुलीमला इन्फिनिऑनने ऑगस्ट २०२४मध्ये सिलिकॉन कार्बाइडच्या चिपांचा मोठा फॅब सुरू केला. तैवानशी तुलना केली तर मलेशिया मागे आहे, हे मान्य. पण त्याचे कारण परीक्षणापासून सुरुवात केली हे नाही. दुसऱ्यांनी लिहिलेले टेस्ट प्रोग्राम चालवणारे हात पुष्कळ होते, ते लिहिणारी डोकी त्या मानाने उशिरा आणि थोडी तयार झाली, हे अधिक संभाव्य कारण आहे.

श्रीमंत देशांनी या कामातली विद्या हातची जाऊ दिलेली नाही, हेही लक्षात घ्यावे. टेराडाइन ही कंपनी एमआयटीच्या दोन वर्गमित्रांनी १९६०मध्ये बॉस्टनला काढली. तिची आणि जपानच्या अॅडव्हान्टेस्टची या यंत्रांच्या जागतिक बाजारावर पकड आहे. आणि आता तर परीक्षणाचे वजन वाढते आहे. नव्या प्रोसेसरांत अनेक छोट्या चिपा एकाच पॅकेजमध्ये बसवतात आणि मेमरीच्या चिपा एकावर एक रचतात. त्यातली प्रत्येक चिप धड असण्याची शक्यता ९९ टक्के असली, तरी वीस चिपांचे पॅकेज अख्खे धड निघण्याची शक्यता ८२ टक्क्यांच्या आसपासच उरते. एक वाईट चिप बाकीच्या एकोणीस घेऊन बुडते. म्हणून जोडण्यापूर्वीच चिप निर्दोष असल्याची खात्री करणे, हा या नव्या तंत्राचा कणा झाला आहे.

फॅबलाही याची गरज आहे. नवा फॅब सुरुवातीला वाईट यील्डच देतो. तो सुधारतो परीक्षणाच्या माहितीवरून. नापास चिपा वेफरच्या कडेला कड्यासारख्या पसरल्या आहेत, की एका रेघेत आहेत, की ठरावीक अंतराने येतात, यावरून कोणत्या यंत्रात काय बिघडले याचा माग लागतो. हे वाचणारी माणसे नसतील, तर गुजरातेत धोलेऱ्याला उभ्या राहणाऱ्या ९१ हजार कोटींच्या फॅबला स्वतःच्या चुका दिसणार नाहीत. ‘टेस्टिंग नको, फॅब हवा’ म्हणणारा त्यामुळे स्वतःच्याच मागणीच्या मुळावर घाव घालतो.

मग प्रश्न कोणता विचारावा?

सरकारी पैसा साणंदला आणि जागीरोडला जातो आहे, तेव्हा त्याचा हिशेब मागायलाच हवा. फक्त ‘तिथं चिप बनते का’ हा प्रश्न चुकीचा आहे. विचारायचे ते असे: तिथे चालणारे टेस्ट प्रोग्राम कोण लिहिते, इथले अभियंते की परदेशातले मुख्यालय? परीक्षणाची माहिती कोणाच्या हाती राहते आणि तिचे विश्लेषण कुठे होते? नापास चिप उघडून तिचे कारण शोधणारी प्रयोगशाळा त्या आवारात आहे का? या तिन्हींची उत्तरे भारताबाहेरची असतील, तर पूर्वपक्षाची टीका त्या प्रकल्पाला लागू पडते आणि ती जोरात करावी. उत्तरे इथली असतील, तर तो प्रकल्प भविष्यातल्या फॅबचा पाया आहे आणि त्यावर खर्च केलेला पैसा वाया गेलेला नाही.

आपल्या महाविद्यालयांनाही हेच लागू. व्हीएलएसआयच्या अभ्यासक्रमात डिझाइनला सत्रामागून सत्रे आणि परीक्षणाला शेवटचे एखादे प्रकरण, तेही वेळ उरला तर, ही वाटणी बदलली पाहिजे. स्कॅन, फॉल्ट मॉडेल, मोजणीतली अनिश्चितता आणि यील्डचे संख्याशास्त्र हे विषय प्रयोगशाळेसकट शिकवावेत. मग टेस्टला लागलेल्या मुलाची समजूत काढण्याची पाळी कोणावर येणार नाही, आणि साणंदला उभ्या राहणाऱ्या टेस्टरांचे प्रोग्राम लिहायला माणसे पेनांगहून बोलवावी लागणार नाहीत.